पाण्यात हटकणारा माणूस

परंदवडीला समुद्र नाही. पवनेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. इथे पडलेला पाऊस पवनेतून मुळेला, पुढे मुठेला, भीमेला आणि शेवटी कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेचा समुद्र डोंगरापलीकडे हाकेच्या अंतरावर, पण आमचं पाणीसुद्धा त्याच्याकडे पाठ फिरवून वाहतं. तरीही दर हिवाळ्यात आमच्या मंडळाची एक बस मालवणला जाते. गेली सहा वर्षं ती सहल ठरवण्याचं काम माझ्याकडे आहे.

गेल्या डिसेंबरात आम्ही अठ्ठावीस जण गेलो. रात्रभर प्रवास, सकाळी मालवणचा धक्का आणि मग दिवसभर होडीत. आधी सिंधुदुर्ग किल्ला, मग किल्ल्याच्या मागच्या अंगाला स्नॉर्केलिंग, दुपारी देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी असलेली वाळूची बेटं. त्या दिवशी मी समुद्रात एका प्रवाळावर दोन्ही पाय रोवून उभा राहिलो. मला तो दगड वाटला होता. शेजारच्या होडीवरचा एक म्हातारा तांडेल ओरडला, “काकानू, पाय टेकू नकात! तो दगड नाय, जितो आसा!”

मी शास्त्रज्ञ नाही. कारखान्यात नोकरी केली, वाचनाची सवय लावून घेतली आणि एखादी गोष्ट कळली नाही की तिच्या मागे लागायचं, एवढंच माझं शिक्षण. घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. माझे पाय तिथे कसे पोचले, ते कोणी आधी का थांबवले नाहीत आणि थांबवता आले असते का, या तीन प्रश्नांची उत्तरं वर्षभर शोधली. ती इथे मांडतो.

आधी जागा समजून घेऊ. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं काम सुरू केलं आणि १६६७ साली ते पुरं झालं. किल्ला राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं, तसा फलकही दिसतो. पण किल्ल्याभोवतीचं पाणीसुद्धा संरक्षित आहे, हे आमच्या बसमधल्या एकालाही माहीत नव्हतं. १३ एप्रिल १९८७ रोजी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८२ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासची पाण्याखालची खडपं त्यात येतात. म्हणजे आपण तिकीट काढून होडीत बसतो आणि काही मिनिटांत अभयारण्याच्या गाभ्यात शिरतो. ताडोबात शिरताना फाटक लागतं, चौकी लागते. इथे पाण्यावर तशी रेघ दिसत नाही.

आता त्या ‘दगडा’विषयी. प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव काही मिलिमीटरचा, फुलासारखा. तो स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. असे हजारो जीव शेजारी शेजारी राहतात आणि त्यांची मिळून एक गाठ होते. वरून दिसतो तो दगड, पण जिवंत असते ती त्यावरची पातळ कातडी. त्या कातडीच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. म्हणून प्रवाळाला ऊन लागतं, म्हणजेच नितळ पाणी लागतं. पाणी फार तापलं की हे शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. त्यालाच विरंजन म्हणतात. मालवणलाही गेल्या दशकात ते नोंदलं गेलं आहे.

मालवणचं प्रवाळ अंदमान किंवा लक्षद्वीपसारखं रंगीबेरंगी नाही. अखंड प्रवाळभित्ती इथे नाही, खडपांवर ठिकठिकाणी वाढलेल्या गाठी आहेत. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, पाणी गढूळ होतं, खारटपणा कमी होतो. इतकं सोसून ते टिकलं आहे, हेच त्याचं मोल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात मालवण होतं. अभयारण्य त्यानंतर आठ वर्षांनी झालं. २००१ पासून प्रवाळ कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघही त्याच अनुसूचीत आहे.

गोलसर गाठीचं प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर वाढतं, पुष्कळदा त्याहून कमी. मी ज्याच्यावर उभा राहिलो ती गाठ माझ्या गुडघ्याएवढी तरी उंच होती. हिशेब केला तर ती चाळीस-पन्नास वर्षांची भरते. म्हणजे अभयारण्य जाहीर झालं त्याच सुमाराची किंवा त्याआधीची. पाय टेकला की कातडी खरवडते, तिथे गाळ बसतो, त्यावर दुसरं शैवाल उगवतं आणि जखम भरून येणं अवघड होतं. मी एकदाच उभा राहिलो हे खरं. पण आमच्या आधीची होडी होती, नंतरची होती आणि हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंत चालतो.

आता पहिला प्रश्न. पाय पोचले कसे?

त्याचं एक कारण लाइफ जॅकेट. पोहता न येणाऱ्याला ते हवंच, त्यावर वाद नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोन जणांचा जीव गेला, हे विसरून चालणार नाही. पण जॅकेट छातीला उचलतं आणि नवख्या माणसाचे पाय खाली लोंबतात. तो आडवा तरंगत नाही, उभा राहतो. मुखवट्यात थोडं पाणी शिरलं, नळीतून एक खारट घोट आला की माणूस घाबरतो आणि पाय जमीन शोधू लागतात. माझं नेमकं हेच झालं.

दुसरं कारण ओहोटी. कोकणात भरतीचा एक जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. आम्ही गेलो ती पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारला आणि त्याआधीची ओहोटी सव्वासहा तास अगोदर, साडेनऊच्या सुमारास. ठोकताळा ढोबळ आहे, गावागणिक वेळ थोडी पुढेमागे होते. पण आम्ही बरोबर साडेनऊ-दहाच्या दरम्यान पाण्यात होतो. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. पंचमीला तो कमी असतो, पण माझे पाय टेकायला पुरेसा होता. तारीख मी ठरवली होती. रविवार बघितला, तिथी बघितली नाही.

दुसरा प्रश्न, कोणी थांबवलं का नाही?

आमच्या होडीत चौदा जण होते आणि पाण्यात उतरलेला मार्गदर्शक एक. तो पोरगा चांगला होता. पण तो एकाचा मुखवटा घट्ट करत होता, दुसऱ्याला ट्यूब धरायला देत होता, तिसऱ्याचा व्हिडिओ काढत होता. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकणं चालू होतं. काळ्या पट्ट्यांचे मासे त्यावर तुटून पडत होते आणि आम्ही खुश होतो. चौदा माणसांचे अठ्ठावीस पाय एकटा कसा सांभाळणार? आणि तो एकटाच का होता, तर मी धक्क्यावर घासाघीस करून माणशी दीडशे रुपये कमी करून घेतले होते. बसमध्ये त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

इथे मला माझ्या मनातलं एक मत बदलावं लागलं. मी समजत होतो की लोकांना माहिती नाही म्हणून नुकसान होतं; फलक लावा, धक्क्यावर दोन शब्द सांगा, झालं. या विषयावर बाहेर झालेले दोन अभ्यास वाचनात आले. दोन्ही स्कूबा करणाऱ्यांचे आहेत, पण मुद्दा आपल्यालाही लागू पडतो. पहिला इजिप्तच्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानातला, १९९७ साली प्रसिद्ध झालेला. पाणबुड्यांना पाऊण तास नीट समजावून सांगितलं, पाण्यात करूनही दाखवलं. त्यानंतर दर सात मिनिटांत प्रवाळाला लागणारे धक्के १.४ वरून ०.४ वर आले. हे वाचून मला बरं वाटलं. दुसरा कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावरचा, २००४ चा. तिथे थोडक्यात सूचना देऊन पाहिल्या तर काही फरक पडला नाही. फरक पडला तो मार्गदर्शकाने पाण्यात जागच्या जागी हटकल्यावर.

दोन्ही एकत्र वाचले की अर्थ लागतो. पाऊण तास शिकवणं कामाला येतं, एका मिनिटाची सूचना वाऱ्यावर जाते आणि पाण्यातलं हटकणं सगळ्यात हुकमी. मला वर्षभरानंतरही आठवतं ते धक्क्यावरचं भाषण नव्हे, म्हाताऱ्याचं ओरडणं आठवतं.

मालवणची परिस्थितीही कोणी पाहिली नाही असं नाही. २०२० साली समुद्रविज्ञान संस्थेच्याच संशोधकांनी इथल्या हौशी डायव्हिंगमुळे प्रवाळाची मोडतोड होते, असा निबंध प्रसिद्ध केला. जबाबदारी कोणाचीच नाही, हे त्यांनी त्यामागचं कारण म्हणून शीर्षकातच मांडलं आहे.

मग ती जबाबदारी मालवणच्या माणसावर टाकून मोकळं व्हावं का? मला ते पटत नाही. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा आपली मासेमारी जाईल या भीतीने इथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. पुढे पर्ससीन जाळ्यांनी पारंपरिक मच्छीमारांचे हाल केले; राज्य सरकारने त्या जाळ्यांवर २०१६ साली निर्बंध आणले. रापण ओढणाऱ्या अनेक घरांतली मुलं या काळात पर्यटकांच्या होड्यांवर आली. ज्याचं पोट आपल्यावर आहे त्याने आपल्यालाच हटकायचं, हे सोपं नाही. गिऱ्हाईक नाराज झालं की शेजारची होडी धरतं. तो म्हातारा मला ओरडू शकला, कारण मी त्याच्या होडीतला नव्हतो.

सरकारने ठरवलं तर काय होतं, हे अंदमानात दिसतं. श्री विजयपुरमजवळच्या (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ सालचं. तिथे जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आलटून पालटून पर्यटकांना उघडतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. प्लास्टिकची बाटली होडीतच चढू देत नाहीत. नांगराचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या समुद्रात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तळाशी पक्के बसवलेले बोये आहेत. होडी त्याला दोर बांधते, प्रवाळात नांगर टाकत नाही. हे आपल्याकडे सगळीकडे व्हायला हवं आणि ते शासनाचंच काम आहे. पण त्याची वाट पाहत आमची बस दर वर्षी जाणार असेल, तर मधल्या काळात आमच्या हातात काय आहे, हा तिसरा प्रश्न.

माझं उत्तर असं. सहल ठरवणाऱ्या माणसाच्या हातात बरंच आहे, कारण मार्गदर्शकाला हटकणं परवडेल की नाही ते तोच ठरवतो. पैसे देणाऱ्यानेच आधी सांगितलं की “आम्हाला हटका”, तर पोराची भीती जाते. म्हणून यंदा मंडळाच्या बैठकीत मी पाच गोष्टी मांडल्या. दिवस तिथी बघून ठरवायचा. पाण्यात सहा जणांमागे एक मार्गदर्शक. निघण्याआधीच्या रविवारी सगळ्यांनी पोहण्याच्या तलावात मुखवटा लावून, जॅकेट घालून, आडवं तरंगायचा सराव करायचा. पाव टाकायचा नाही. आणि होडी बोयाला किंवा वाळूत नांगर टाकून उभी करणाऱ्यालाच काम द्यायचं.

बैठक काही गोड झाली नाही. खर्च माणशी चारशे रुपयांनी वाढतो हे कळल्यावर नऊ जणांनी नावं काढून घेतली. एकाने विचारलं, “एवढं करून तिथे बाकीच्या होड्या तशाच असणार ना?” असणार आहेत. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मात्र मागच्या खेपेला आमच्या होडीतले चौदा जण तसेच होते, त्यात मीही होतो. निदान ते चौदा कमी होतील.

मग मालवणला फोन लावला. होडीवाले म्हणाले, “सहा जणांमागे एक म्हणजे पाण्यात दोन फेऱ्या कराव्या लागतील. परवडत असेल तर करूया.” मी म्हटलं, या वेळी मी घासाघीस करणार नाही, फक्त कोणी पाय टेकला तर मोठ्याने ओरडायचं, मग तो मी का असेना. ते हसले आणि तारीख विचारली. तेराची पाऊणपट पावणेदहा होते, म्हणून त्रयोदशी सांगितली. एकोणीस जण जाणार आहोत.