शेल खडकातील सूक्ष्म छिद्रे आणि तेलाचे वहन

प्रस्तावना :
अमेरिकेतील टेक्सास राज्यात ईगल फोर्ड या नावाने ओळखला जाणारा क्रिटेशस काळातील शेल खडक आहे. 2008 नंतरच्या दशकात तेथे हजारो विहिरी खोदल्या गेल्या. या विहिरींचा अनुभव बहुतांशी सारखाच आहे. प्रारंभी तेल जोमाने येते, वर्षभरातच उत्पादन निम्म्याहून खाली घसरते आणि खडकात असलेल्या तेलापैकी साधारणतः 5 ते 10 टक्केच हाती लागते. पारंपरिक तेलसाठ्यांत हेच प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास असते. उरलेले नव्वद टक्के तेल खडकात का अडून राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'शेल ऑइल' व 'ऑइल शेल' हे शब्द पाठ्यपुस्तकांतूनही एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ऑइल शेलमध्ये केरोजेन हा अपक्व सेंद्रिय पदार्थ असतो व त्याला उष्णता दिल्याखेरीज तेल मिळत नाही. शेल ऑइल हे मात्र भूगर्भातील उष्णतेने आधीच तयार झालेले द्रवरूप तेल होय. प्रश्न आहे तो केवळ त्याच्या वहनाचा.

डार्सीचा नियम व त्याची गृहीतके :
सच्छिद्र माध्यमातील प्रवाहाचा मूलभूत नियम हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्ये प्रसिद्ध केला. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या थरांतून पाणी गाळण्याचे प्रयोग त्याने केले होते. तेल-अभियांत्रिकीचा पाया ठरलेला हा नियम तेलाचा थेंबही न वापरता हाती आला, ही गमतीची गोष्ट आहे. या नियमानुसार प्रवाहाचा वेग दाबातील फरकाच्या सम प्रमाणात असतो, आणि खडकाचा सारा गुणधर्म 'पार्यता' या एकाच राशीत सामावतो. पार्यता मोजण्याच्या एककालाही डार्सीचेच नाव आहे.

आता छिद्रांच्या आकाराचा परिणाम पाहू. चांगल्या वालुकाश्मातील छिद्राची त्रिज्या सुमारे 10 मायक्रोमीटर, तर शेलमधील छिद्राची 10 नॅनोमीटर धरली, तर ती हजारपट लहान ठरते. प्वाझय् याच्या सूत्राप्रमाणे नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घातावर अवलंबून असतो. म्हणजे एकाच छिद्रातून होणारे वहन एक लाख कोटी पटींनी घटते. तेवढ्याच क्षेत्रफळात अशी लहान छिद्रे अधिक संख्येने मावत असल्याने प्रत्यक्ष घट सुमारे दहा लाख पट राहते. वालुकाश्माची पार्यता शेकडो मिलिडार्सी व शेलची शेकडो नॅनोडार्सी असते, यामागील गणित हेच.

भिंतीचा प्रभाव :
तथापि केवळ लहानपणाने सर्व उलगडा होत नाही. 2009 मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी बार्नेट शेलचे नमुने आयनांच्या झोताने गुळगुळीत करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा बहुतेक छिद्रे खनिजकणांच्या दरम्यान नसून सेंद्रिय पदार्थाच्या आतच आढळली. अशा छिद्रांच्या भिंतींना तेलाचे विलक्षण आकर्षण असते. भिंतीलगतचे रेणू अधिशोषणामुळे दाट थर करून बसतात व प्रवाहात क्वचितच सामील होतात. हा थर अर्धा नॅनोमीटर जाडीचा मानला, तर 5 नॅनोमीटर व्यासाच्या छिद्राचे 36 टक्के क्षेत्र त्यानेच व्यापले जाते. वालुकाश्मातील छिद्रात असा थर नगण्य ठरतो. शिवाय तेलातील अस्फाल्टीन रेणू स्वतःच एक-दोन नॅनोमीटर आकाराचे असल्याने अरुंद जागी ते वाट अडवू शकतात.

खनिजकणांमधील छिद्रांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या भिंती बहुधा पाण्याने भिजतात. तेल व पाणी यांच्यातील पृष्ठताण मीटरला 0.03 न्यूटन धरल्यास 10 नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात केशिक दाब सुमारे 60 वातावरणांइतका होतो. अशा छिद्रात शिरलेले पाणी हुसकावून तेल पुढे नेणे सोपे नाही.

याउलट पुरावाही आहे. 2005 मध्ये कार्बन नलिकांवरील प्रयोगांत द्रव भिंतीवरून घसरतात व प्रवाह सूत्रातून येणाऱ्या वेगाच्या हजारो पटींनी अधिक असतो, असे दिसले. परंतु त्या नलिकांच्या भिंती अत्यंत गुळगुळीत असतात. केरोजेनची भिंत खडबडीत व अनियमित असते. म्हणून ते निष्कर्ष शेलला जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल.

कृत्रिम भेगा व त्यांची मर्यादा :
पाण्याच्या दाबाने खडक फोडण्याच्या तंत्राने पार्यता वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः भेगांच्या दरम्यान असलेल्या खडकाची पार्यता होती तेवढीच राहते. कमी होते ते तेलाला कापावे लागणारे अंतर. दाबातील बदल खडकात पसरण्यास लागणारा काळ अंतराच्या वर्गावर अवलंबून असतो. 100 नॅनोडार्सी पार्यतेच्या खडकात 10 मीटरसाठी दोन-तीन वर्षे लागत असतील, तर 100 मीटरसाठी दोन-तीन शतके लागतील. भेगेलगतचे तेल प्रथम निघते व पुढचे अधिकाधिक दुरून यावे लागते. त्यामुळे काळ चौपट झाला की उत्पादनाचा वेग निम्मा होतो. शेजारच्या भेगांचे प्रभाव एकमेकांत मिसळू लागले की घसरण याहूनही तीव्र होते.

विहिरींच्या भावी उत्पादनाचे अंदाज अनेकदा आर्प्स याने 1945 मध्ये मांडलेल्या घटवक्रावरून बांधले जातात. तो पारंपरिक विहिरींच्या अनुभवावर आधारलेला आहे. शेलमधील आरंभीच्या काळाची आकडेवारी त्यात तशीच पुढे वाढवली, तर साठा फुगवून दाखवला जातो. भांडवल गुंतवणाऱ्यांना या चुकीची किंमत मोजावी लागते.

अडलेले तेल काढण्यासाठी ईगल फोर्डमध्ये नैसर्गिक वायू विहिरीत दाबून भरण्याचा, काही काळ विहीर बंद ठेवण्याचा व नंतर त्याच विहिरीतून तेल घेण्याचा उपाय योजण्यात आला. त्याचे आशादायक निष्कर्ष 2016 मध्ये जाहीर झाले. वायूचे रेणू विसरणाने तेलात शिरतात, तेल फुगते व त्याची श्यानता घटते. ज्या छिद्रात पाण्याला केशिक दाब आड येतो, तेथे तेलात मिसळणारा वायू पोहोचू शकतो. मात्र या विसरणाचा वेगही छिद्राच्या रुंदीने व भिंतीच्या स्वरूपानेच ठरतो.