मनाचं औषधपाणी – भाग ६ : गोळी सुरू झाल्यानंतर

‘गोळ्यांच्या आधी मी बरी होते, डॉक्टर. आता जास्तच धडधडतंय.’

चिंतेच्या आजारावर औषध सुरू होऊन चार-पाच दिवस झाले की हे वाक्य हमखास कानावर येतं. फोन करून असं सांगणाऱ्या बाईंची मला फारशी काळजी वाटत नाही. त्यांना धीर देता येतो, डोस बदलता येतो. काळजी वाटते ती न सांगणाऱ्यांची. पाचव्या दिवशी ते गोळ्या थांबवतात, स्ट्रिप कपाटात कपड्यांखाली सारतात आणि ‘मला ही औषधं सोसत नाहीत’ असं मनाशी पक्कं करून पुढची कित्येक वर्षं त्याच चिंतेत काढतात. आजचा भाग मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

चिंतेच्या आजारावर डिप्रेशनची औषधं का देतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही नावं तुमच्यापैकी अनेकांनी चिठ्ठीवर वाचली असतील. मेंदूतलं सेरोटोनिन पेशींमध्ये परत शोषलं जाण्याची क्रिया ही औषधं अडवतात. व्हेनलाफॅक्सिनचा डोस वाढवला की नॉरएपिनेफ्रिनचं शोषणही अडतं. हे अडवणं पहिल्या गोळीपासून, काही तासांतच सुरू होतं. चिंता कमी व्हायला मात्र दोन ते सहा आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. मेंदूतल्या पेशी वाढलेल्या सेरोटोनिनशी हळूहळू जुळवून घेतात आणि आराम त्यानंतर पडतो. थोडक्यात, त्रास आधी येतो आणि गुण मागाहून. औषधाचं वेळापत्रकच असं उलटं आहे, आणि चिठ्ठी लिहिताना हे रुग्णाला स्पष्ट सांगणं हे डॉक्टरचं काम आहे. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत ते बऱ्याचदा राहून जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन मिनिटांच्या या बोलण्यावर पुढचे सहा महिने अवलंबून असतात.

चिंतेच्या रुग्णाची अडचण इतरांपेक्षा वेगळी असते. ज्याला पॅनिकचे झटके येतात त्याचं लक्ष आधीच सतत छातीच्या ठोक्यांवर असतं. जरा गरगरलं की ‘आता मी पडणार’, हातापायांना मुंग्या आल्या की ‘हा हार्ट अटॅकच’. अशा माणसाला पहिल्या आठवड्यात औषध काय देतं? मळमळ, हातांना बारीक कंप, घाम, अस्वस्थता, पहाटे तीनला उघडणारे डोळे. म्हणजे ज्या लक्षणांची त्याला धास्ती, नेमकी तीच. उच्च रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला मळमळलं तर तो पित्त झालं म्हणतो आणि पुढे जातो. इथे मळमळीने भीती वाटते, भीतीने धडधड वाढते, धडधडीने पुन्हा भीती वाढते. गोळीचा त्रास किती आणि आजाराचा किती, हे वेगळं काढणं मग रुग्णालाही जमत नाही आणि घरच्यांनाही.

ही गोष्ट या औषधांच्या इतिहासाच्या सुरुवातीपासून डॉक्टरांसमोर आहे. साधारण १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन या तरुण मनोविकारतज्ज्ञाने झटक्यांसारखी तीव्र भीती येणाऱ्या रुग्णांना इमिप्रामिन हे तेव्हाचं डिप्रेशनचं नवं औषध दिलं. काही आठवड्यांनी रुग्णांना विचारलं, तर फरक नाही असं उत्तर मिळालं. वॉर्डातल्या परिचारिकांनी मात्र वेगळंच टिपलं होतं. पूर्वी दिवसातून अनेकदा ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्याकडे धावत येणारा रुग्ण आता येईनासा झाला होता. अचानक येणारे झटके आणि कायमची रेंगाळणारी चिंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार क्लाइन यांनी या निरीक्षणावरून पुढे मांडला. मला यातल्या त्या परिचारिका महत्त्वाच्या वाटतात. सुधारणा रुग्णाच्या आधी त्याच्या आसपासच्या माणसांना दिसते. म्हणून औषध सुरू करताना शक्य असेल तर नवऱ्याला, बायकोला, आईला किंवा मोठ्या मुलाला सोबत आणायला मी सांगतो, आणि तीन आठवड्यांनी आधी त्यांना विचारतो.

याच इमिप्रामिनने पॅनिकच्या काही रुग्णांना सुरुवातीला असह्य अस्वस्थता होते, हेही पुढे लक्षात आलं. त्यावरचा तेव्हा सापडलेला उपाय आजही तोच आहे : अगदी थोड्यापासून सुरुवात. डिप्रेशनच्या रुग्णाला एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅमने सुरू होत असेल, तर चिंतेच्या, विशेषतः पॅनिकच्या रुग्णाला ५ ने. सर्ट्रालिन ५० ऐवजी २५ ने. आठवडा-दहा दिवस अर्धी गोळी, मग पूर्ण. तुम्हाला थेट पूर्ण गोळी दिली असेल आणि ती झेपत नसेल, तर ‘अर्धीपासून सुरू करता येईल का?’ असा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आता पोटाकडे येऊ, कारण पहिली तक्रार तिथूनच असते. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसतं, ते आतड्यांत असतं. त्यामुळे मेंदूसाठी दिलेली गोळी आधी पोट ढवळते. मळमळ, भूक मरणं, जुलाब. सर्ट्रालिनने जुलाब जरा जास्त, पॅरोक्सेटिनने उलट बद्धकोष्ठ. यातलं बरंचसं एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. तोवर गोळी भरल्या पोटी घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर एस्सिटालोप्रामचं शोषण बिघडत नाही, पण मळमळ नक्की वाढते. आपल्याकडे संकष्टीला चंद्रोदयापर्यंत आणि नवरात्रात नऊ दिवस उपास असतात. औषधाचे पहिले दोन आठवडे त्यातच आले, तर गोळी फराळानंतर घ्या, नुसत्या चहाबरोबर नको. उपासाच्या दिवशी गोळीला सुट्टी देणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

चहाचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. सकाळी उठल्यावर, ऑफिसात, चारला आणि पाहुणे आले की असा दिवसाला सहा-सात कप चहा घेणाऱ्याच्या धडधडीत चहाचाही वाटा असतो. पहिल्या पंधरवड्यात तो दोन कपांवर आणा. झोप उडत असेल तर गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या, गुंगी येत असेल तर रात्री जेवणानंतर. वेळ बदलणं हा फुकटचा उपाय आहे, आणि आश्चर्य वाटावं इतक्या वेळा तेवढाच पुरतो.

सुरुवातीची ही अस्वस्थता फारच झाली, तर डॉक्टर दोन-चार आठवड्यांपुरती क्लोनॅझेपामसारखी गोळी जोडतात. तिने खरंच आराम पडतो. पण इथे एक गोष्ट तळमळीने सांगायची आहे. आपल्या देशात एस्सिटालोप्राम आणि क्लोनॅझेपाम एकाच गोळीत मिसळून विकले जातात. सवय लागण्याचा धोका असतो तो क्लोनॅझेपामला. ते लवकर आणि हळूहळू कमी करायचं असतं. दोन्ही एकाच गोळीत असली की एक कमी करताना दुसरंही कमी होतं, आणि जे सहा आठवड्यांत थांबायला हवं ते तीन वर्षं चालू राहतं. ‘मला डिप्रेशनच्या गोळीची सवय लागली’ म्हणणाऱ्यांच्या हातातली स्ट्रिप उलटून पाहिली की तिच्यावर बऱ्याचदा ही दोन नावं असतात. तुमच्या स्ट्रिपवरचं बारीक अक्षर आज वाचाच. दोन औषधं असतील तर ती वेगवेगळी लिहून द्यायला सांगा.

काही त्रास मात्र दोन आठवड्यांत जात नाहीत, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या त्रासाबद्दल आपण बोलतच नाही. कामेच्छा कमी होणं, पुरुषांत वीर्यपतनाला फार उशीर होणं, स्त्रियांना परमोच्च सुखापर्यंत पोहोचताच न येणं, हे या औषधांचे अगदी नेहमीचे परिणाम आहेत. वीर्यपतन लांबवण्याचा हा गुण इतका भरवशाचा आहे की याच कुळातलं डॅपोक्सेटिन शीघ्रपतनासाठी वापरतात. तरीही ओपीडीत हे कुणी आपणहून सांगत नाही. पुरुष सांगतो ‘अशक्तपणा आलाय’. बाई काहीच सांगत नाही. तिला कुणी विचारतही नाही. जणू लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या बाईला हा प्रश्न लागूच नाही. मग घरात गैरसमज होतात. नवऱ्याला वाटतं बायकोचं मन उडालं, बायकोला वाटतं याचं बाहेर काहीतरी आहे. महिन्यांमागून महिने असे गेले की एक दिवस गोळी गुपचूप बंद होते आणि चिंता परत येते.

हे टाळता येतं. डोस थोडा कमी करून पाहता येतो. मिर्टाझापिनसारख्या, हा त्रास कमी असलेल्या औषधाकडे वळता येतं. त्याने भूक आणि वजन वाढतं, हे आधी समजून घ्यायचं. काहींना बुप्रोपिऑन जोडून फायदा होतो, मात्र चिंतेच्या रुग्णात ते जपून द्यावं लागतं. तोंडाने सांगायला संकोच वाटत असेल तर कागदावर लिहून द्या : ‘शारीरिक संबंधात अडचण येते, गोळी सुरू झाल्यापासून.’ एवढं पुरे. थोड्या जणांमध्ये हा त्रास औषध थांबवल्यावरही रेंगाळतो, असं नोंदलं गेलं आहे. म्हणून हा विषय आधीच काढायला हवा, उशिरा नाही. भावना बोथट होण्याचंही असंच आहे. ‘चिंता गेली, पण नातू पाहूनही काही वाटत नाही’ ही तक्रार खरी असते. तीही डोसशी जोडलेली असते, माणसाच्या स्वभावाशी नाही.

साठीपुढच्या वाचकांसाठी एक वेगळा इशारा. या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम घटू शकतं, विशेषतः रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आधीच चालू असेल तर. आजोबा असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, फार सुस्तावले, तर वयाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. साधी रक्ततपासणी करून घ्या. हे बहुतेक वेळा पहिल्या महिन्यात घडतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, किंवा हृदयासाठीची ॲस्पिरिन, यांच्या जोडीने पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि काही खोकल्याच्या औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याशीही या औषधांचं पटत नाही. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी दातांच्याही, तरी चालू गोळीचं नाव सांगायचं.

वाट न पाहता त्याच दिवशी फोन करावा, असे प्रसंग थोडे आहेत, पण ते घरात सगळ्यांना माहीत हवेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ लागणं किंवा वाढणं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत याकडे विशेष लक्ष ठेवायचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी हा इशारा औषधाच्या वेष्टनपत्रकावर सक्तीचा केला. एका जागी बसताच न येणं. झोप न घेताही अंगात प्रचंड उत्साह, अखंड बोलणं, उधळपट्टी. हे बायपोलर आजाराचं पहिलं दर्शन असू शकतं. ताप, स्नायू ताठरणं आणि गोंधळलेपण एकत्र आलं तर थेट रुग्णालय गाठा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

उरलं ते औषध थांबवणं. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर गोळी चालू ठेवायची असते, आणि मग हळूहळू उतरवायची. गावी जाताना स्ट्रिप घरी राहिली, चार दिवस गोळी चुकली, आणि चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं होणं सुरू झालं, हा अनुभव अनेकांना येतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिनला तो जास्त, फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ रेंगाळत असल्याने त्याला कमी. घरचे लगेच म्हणतात, ‘बघ, सवय लागली.’ गोळीची ओढ लागणं, डोस आपणहून वाढवत नेणं यातलं काही इथे नसतं. पण शरीराने औषधाशी जुळवून घेतलेलं असतं हे खरं, आणि ते डॉक्टरांनीही नाकारू नये. हा त्रास थांबवल्यानंतर काही दिवसांतच सुरू होतो आणि त्यात विजेच्या झटक्यांसारखं काहीतरी नवं असतं. आजार उलटतो तो बहुधा काही आठवड्यांनी, जुन्याच ओळखीच्या लक्षणांसह.

उतरवताना शेवटचा टप्पा सर्वांत कठीण जातो. २०१९ मध्ये मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये त्याचं कारण मांडलं. नेहमीच्या डोसला सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या सुमारे ८० टक्के जागा औषधाने व्यापलेल्या असतात. डोस निम्मा केला तरी त्यातल्या थोड्याच रिकाम्या होतात. पण अगदी छोट्या डोसवरून शून्यावर आलं की एकदम खूप. म्हणून १० वरून ५ वर येणं सोपं जातं आणि ५ वरून शून्यावर उडी मारणं जड जातं. मधे अडीच, मग त्याहून थोडं, अशा पायऱ्या हव्यात, प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे थांबून. गोळीचे चार तुकडे नीट होत नसतील तर त्या औषधाचं पातळ रूप मिळतं का, हे डॉक्टरांना विचारा. एक दिवसाआड गोळी घेऊन उतरवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण लवकर शरीराबाहेर जाणाऱ्या औषधांना ती चालत नाही. एक दिवस भरपूर आणि एक दिवस जवळपास काहीच नाही, असं होऊन त्रास वाढतो.

पुढच्या आठवड्यात गर्भारपण आणि अंगावर पाजण्याच्या काळातल्या औषधांविषयी लिहीन. मात्र गोळी चालू असताना ज्यांना आत्ताच दिवस गेल्याचं कळलं आहे, त्यांनी पुढच्या भागासाठी थांबू नये. गोळी एकदम बंद न करता आजच आपल्या मनोविकारतज्ज्ञांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करावा.