चांद्याचं १८५८ : अहेरीचा प्रश्न

मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके १८५८मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले. २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. इथपर्यंत आपल्याला माहीत असतं. पण त्यांना धरून दिलं कुणी? अहेरीच्या जमीनदारीनं. तीही गोंडच! मग 'आदिवासी विरुद्ध इंग्रज' एवढ्यावर कसं भागेल? जमीनदाऱ्यांचे आपसातले संबंध बघावे लागतात. त्यासाठी आपण मेजर ल्युसी स्मिथ यांचा १८६९चा जमाबंदी अहवाल उघडतो. आता, साहेबांना हवा होता सारा. त्यामुळे गावं, जमिनी, जंगल तपशीलवार सापडतं. अहेरीच्या राणीला काय वाटलं असेल, ते त्या रकान्यांत कुठून येणार? त्यासाठी गोंडी गाणी, घराण्यांच्या आठवणी ऐकायच्या. अर्थात, त्यासुद्धा तपासूनच घ्यायच्या बरं का.