आवक घटली, मग धरण भरते कसे?

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत धरणांच्या बातम्या तुम्ही वाचत असालच. तशीच एक बातमी आपण कल्पनेने तयार करू. ‘पाणलोट क्षेत्रातील पावसाचा जोर ओसरल्यामुळे धरणातील पाण्याची आवक काल सकाळच्या ४५,००० क्युसेकवरून आज २५,००० क्युसेकपर्यंत घटली आहे. धरणातून २,००० क्युसेक पाणी सोडण्यात येत आहे.’ आता मासिक क्षणभर बाजूला ठेवा आणि सांगा : आज धरणातील पाणी वाढत आहे की कमी होत आहे?

‘घटली’ हा शब्द वाचून पुष्कळ जण ‘कमी होत आहे’ असे उत्तर देतात. पण नीट पाहा. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. आज धरणात दर सेकंदाला २५,००० घनफूट पाणी येत आहे आणि २,००० घनफूट जात आहे. म्हणजे दर सेकंदाला २३,००० घनफूट पाणी आत साठत आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणाकार केलात तर दिवसाला सुमारे १९९ कोटी घनफूट होतात. धरणाचा साठा टीएमसीत मोजतात आणि एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. तेव्हा आवक ‘घटली’ असली तरी धरण दिवसाला जवळजवळ दोन टीएमसी या दराने भरतेच आहे. कालच्यापेक्षा सावकाश भरते आहे, एवढेच.

या बातमीत दोन प्रकारच्या राशी आहेत. एक साठा, म्हणजे ‘किती आहे’ ते सांगणारी. दुसरी आवक, म्हणजे ‘किती वेगाने बदलते’ ते सांगणारी. साठ्यावरून बदलण्याचा दर काढणे म्हणजे अवकलन आणि दरावरून साठ्यातील एकूण बदल काढणे म्हणजे समाकलन. अकरावी-बारावीत तुम्ही जे कॅल्क्युलस शिकता, त्याचे सारे घर या दोन खांबांवर उभे आहे. नववी-दहावीच्या वाचकांनीही घाबरू नये. या लेखात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांपलीकडे काही लागणार नाही.

माझ्या वर्गात बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुले येतात. क्षच्या वर्गाचे अवकलज २क्ष, साइनचे कोसाइन, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पान भरेल एवढे समाकलन ती न अडखळता सोडवतात. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सूत्र नसलेले काही प्रश्न घालतो आणि वर्गात शांतता पसरते. ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेत १९९२ साली हेस्टिनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी बलाविषयीच्या कल्पना तपासण्यासाठी एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नव्हतीच. चुकीचे पर्याय मात्र विद्यार्थ्यांच्या मनात खरोखर असणाऱ्या गैरसमजांतून निवडलेले होते. पुढे जेरोम एप्स्टाइन यांनी त्याच धर्तीवर अवकलन-समाकलनासाठी चाचणी तयार केली. तिच्याविषयीचा त्यांचा लेख अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’ या नियतकालिकात २०१३ साली आला. सूत्र चालवता येणे आणि ते काय सांगते हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशा चाचण्यांमागचे गृहीत आहे आणि माझा अनुभवही तोच आहे.

तर आपली चाचणी पुढे चालू. त्याच धरणातून आठवडाभर दर सेकंदाला २०,००० घनफूट पाणी सोडले जात आहे असे समजा. रोजची सरासरी आवक, हजार क्युसेकमध्ये, अशी आहे : सोमवार २०, मंगळवार ४५, बुधवार ६०, गुरुवार ४०, शुक्रवार २५, शनिवार १५, रविवार ८. धरणात सर्वांत जास्त पाणी कोणत्या दिवसाअखेर असेल?

‘बुधवार’ असे उत्तर मनात आले असेल, तर थांबा. आवक आणि विसर्ग यांतील फरक रोज लिहून काढा : ०, २५, ४०, २०, ५, उणे ५, उणे १२. गुरुवारी आणि शुक्रवारीही येणारे पाणी जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्तच होते, म्हणजे साठा वाढतच होता. तो उतरू लागला शनिवारी. तेव्हा उत्तर शुक्रवार. मग बुधवारी काय सर्वांत जास्त होते? साठा नव्हे, साठा वाढण्याचा वेग. साठ्याचा आलेख काढलात तर बुधवारी त्याचा चढ सर्वांत तीव्र दिसेल आणि शुक्रवार-शनिवारच्या मध्यरात्रीच्या सुमारास तो माथ्यावर सपाट होईल. ‘महत्तम मूल्यापाशी अवकलज शून्य असते’ हे वाक्य तुम्ही पाठ केले असेल. ते हेच.

नदीकाठी राहणाऱ्यांसाठी हा प्रश्न परीक्षेचा नाही, जिवाचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात मोठे पूर आले. पाऊस उघडला म्हणजे पूर ओसरला, असे समजून सामान खाली उतरवणारा माणूस ‘बुधवार’ हेच उत्तर देत असतो. वरून येणारे पाणी पुढे वाहून जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त आहे तोवर पातळी चढतच राहते, मग आभाळ कितीही स्वच्छ असो.

आता साठा किती वाढला ते काढू. शुक्रवारपर्यंतच्या फरकांची बेरीज ९०, म्हणजे ९०,००० क्युसेक-दिवस. त्याला ८६,४०० ने गुणले की सुमारे ७७८ कोटी घनफूट, म्हणजे ७.८ टीएमसी. ही बेरीज म्हणजेच समाकलन. रोजच्याऐवजी तासाची, तासाऐवजी मिनिटाची आवक घेतलीत तर बेरीज अधिकाधिक अचूक होत जाईल. ‘समाकलन म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ’ असे म्हणताच मी विचारतो, ‘मग त्याचे एकक काय?’ उत्तर येते, ‘चौरस सेंटिमीटर’! अहो, उभ्या अक्षावर घनफूट प्रतिसेकंद आणि आडव्या अक्षावर सेकंद असतील, तर त्यांचा गुणाकार घनफूटच येणार. ते क्षेत्रफळ पाणीच आहे.

आणि ७.८ टीएमसी वाढले म्हणजे धरणात एकूण किती झाले? ते सांगता येणार नाही, कारण सोमवारी सकाळी किती होते हे आपल्याला माहीतच नाही. समाकलनाच्या शेवटी ‘अधिक सी’ लिहायला विसरलात की गुण जातो, म्हणून तुम्ही ते मुकाट्याने लिहिता. तो सी म्हणजे सोमवार सकाळचे पाणी. रोजची आवक आणि विसर्ग वर्षभर बिनचूक नोंदवलीत तरी केवळ त्यावरून धरणातले पाणी कळणार नाही. एकदा तरी काठावर जाऊन पातळी वाचावी लागते.

पाणी सोडून रस्त्यावर येऊ. एका थांब्यावरून एसटी आणि मोटारसायकल एकाच वेळी, एकाच दिशेने निघाल्या. मोटारसायकल पहिल्यापासून ताशी ३० किलोमीटर या एकाच वेगाने जाते. एसटीचा वेग शून्यापासून सारखा वाढत जातो आणि १० मिनिटांनी तोही ताशी ३० किलोमीटर होतो. दोन्ही वेगांचे आलेख या क्षणी एकमेकांना छेदतात. या क्षणी रस्त्यावर काय चित्र दिसेल?

‘दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी’ हे नेहमीचे उत्तर. छेदले आहेत ते वेग, गाड्या नव्हेत. १० मिनिटांत मोटारसायकल ५ किलोमीटर गेली. एसटीचा सरासरी वेग ताशी १५, म्हणून ती अडीच किलोमीटर गेली. दोघींत अडीच किलोमीटरचे अंतर आहे आणि हेच सर्वांत मोठे अंतर! याआधी मोटारसायकल अधिक वेगात होती म्हणून अंतर वाढत होते, यापुढे एसटी अधिक वेगात असेल म्हणून ते कमी होईल. एसटीचा वेग तसाच वाढत राहिला तर २० व्या मिनिटाला, १० किलोमीटरवर, ती मोटारसायकलला गाठेल. दोघींतील अंतर हा इथला ‘साठा’ आहे. शुक्रवार आणि दहावे मिनिट यांत काही फरक नाही.

हीच गोष्ट आकाशात पाहिली गेली होती. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ लिहिला. काल ते आज ग्रह किती सरकला ही त्याची ढोबळ गती आणि या क्षणाची ती ‘तात्कालिक’ गती, असा भेद ते करतात. चंद्राची गती मोठी आणि क्षणोक्षणी बदलणारी, म्हणून तिथीचा शेवट काढताना तात्कालिक गतीच घ्यावी, असे त्यांचे सांगणे. ज्योतिषगणितात दोन ग्रह कल्पितात : एक सरासरी गतीने चालणारा मध्यम ग्रह आणि दुसरा प्रत्यक्ष दिसणारा स्पष्ट ग्रह. दोघांतील अंतर जेव्हा सर्वांत जास्त असते, तेव्हा स्पष्ट ग्रहाची गती मध्यम ग्रहाच्या गतीइतकीच असते, हेही भास्कराचार्यांना माहीत होते. मध्यम ग्रहाच्या जागी मोटारसायकल ठेवा आणि स्पष्ट ग्रहाच्या जागी एसटी. न्यूटन आणि लायब्निझ यांनी या विचाराचे सर्वत्र चालणारे शास्त्र बनवले ते पाच शतकांनंतर, पण ‘या क्षणाचा वेग’ ही कल्पना किती जुनी आहे ते यावरून दिसते.

अगदी झटपट दोन प्रश्न. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचा वेग शून्य असतो. मग त्वरण किती? शून्य म्हणू नका. वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असते, तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता! हवेचा विरोध सोडला तर त्वरण तिथेही दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंदच, खालच्या दिशेने. एखादी राशी या क्षणी शून्य असणे आणि ती बदलत नसणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा प्रश्न : महागाईचा दर ८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वस्तू स्वस्त झाल्या का? गेल्या वर्षी १०० रुपयांची वस्तू १०८ ला झाली होती, ती आता ११३ रुपये ४० पैशांना मिळते. बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या तुमच्या आईला हे अवकलन न शिकताच कळते.

आता माझा सर्वांत आवडता प्रश्न. वर्तुळाचे क्षेत्रफळ पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. त्याचे त्रिज्येनुसार अवकलज घ्या. दोन पाय गुणिले त्रिज्या, म्हणजे परीघ! गोलाच्या घनफळाचे अवकलज घ्या, तर बरोबर त्याचे पृष्ठफळ येते. मग चौरसाचे काय? बाजूच्या वर्गाचे अवकलज बाजूची दुप्पट येते, पण परिमिती तर चौपट असते. चौरसाने काय गुन्हा केला?

सूत्रे बाजूला ठेवून वाढ कशी होते ते पाहा. वर्तुळाची त्रिज्या किंचित वाढवली की भोवती पातळ कडे वाढते. ते उलगडून सरळ केले, तर परीघाइतकी लांब आणि वाढीइतकी रुंद पट्टी मिळते. गोलावर कांद्यासारखा एक पापुद्रा चढतो. चौरसासाठी जमिनीवर १० गुणिले १० अशा १०० फरश्या मांडा. बाजू ११ करायची तर दोनच बाजूंना एकेक ओळ आणि कोपऱ्यात एक फरशी लावावी लागते : १० अधिक १० अधिक १, बरोबर २१. म्हणूनच दुप्पट! कोपऱ्याच्या फरशीची काळजी नको. बाजू १० वरून १०.१ केलीत, तर वाढ २.०१ होते. त्यात दोन पट्ट्यांचे २ आणि कोपऱ्याचे फक्त ०.०१. वाढ जितकी लहान, तितका कोपरा नगण्य. सीमा घेणे म्हणतात ते हेच. आता चौरस चारी बाजूंनी सारखा वाढवायचा असेल, तर मोजमाप मध्यापासून बाजूपर्यंतच्या अंतराने करा. ते अंतर बाजूच्या निम्मे, म्हणून क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या चौपट. त्याचे अवकलज त्या अंतराच्या आठपट, म्हणजे नेमकी परिमिती! वर्तुळाची त्रिज्या मध्यापासूनच मोजतात, म्हणून तिथे हा घोळ होत नाही. घनाच्या बाबतीत बाजूच्या वर्गाची तिप्पटच का येते, सहापट का नाही, हे तुम्ही ठोकळे मांडून शोधा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. घटक चाचणीत असा एखादा तरी प्रश्न घाला, आणि उत्तराला नव्हे, कारणाला गुण द्या. पहिल्या वेळी निकाल वाईट लागेल. लागू द्या.

शेवटी एक प्रयोग. प्रयोगशाळेतील शंकूच्या आकाराचा चंबू घ्या, नसेल तर घरची घागर चालेल. नळ बारीक आणि एकसारखा सोडा. दर १० सेकंदांनी पाण्याची उंची मोजा. घागरीत काठी बुडवून मोजता येईल. पण मोजण्याआधी उंची आणि काळ यांचा आलेख अंदाजाने काढून ठेवा. तो सरळ रेषा असेल का? चढ कुठे सर्वांत तीव्र असेल, पोटापाशी की गळ्यापाशी? मग प्रत्यक्ष बिंदू मांडून दोन्ही आलेख ताडून पाहा. ते जमले, तर उलटा प्रश्न : मी तुम्हाला फक्त आलेख आणि नळाचा दर दिला, तर त्यावरून भांड्याचा आकार ओळखता येईल का? एक गोल आणि एक चौकोनी डबा समोर ठेवून विचार करा.