विश्लेषण : मानवी भ्रूण संशोधनाला १४ दिवसांची मर्यादा कशी आली? अ‍ॅन मॅक्लारेन यांची भूमिका काय?

प्रयोगशाळेत संशोधनासाठी मानवी भ्रूण किती दिवस वाढवता येतो? भारतासह अनेक देशांत याचे उत्तर आहे, जास्तीत जास्त १४ दिवस. ही लक्ष्मणरेषा आखण्यात ब्रिटिश भ्रूणशास्त्रज्ञ अ‍ॅन मॅक्लारेन यांचा मोठा वाटा होता. विशेष म्हणजे, आयव्हीएफची वाट सोपी करणाऱ्यांतही त्या होत्या.

मॅक्लारेन कोण होत्या?

२६ एप्रिल १९२७ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या मॅक्लारेन ऑक्सफर्डमध्ये प्राणिशास्त्र शिकल्या. पुढे एडिनबरा आणि लंडनमध्ये त्यांनी उंदरांच्या भ्रूणांवर काम केले. १९९१ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या परराष्ट्र सचिव झाल्या. या संस्थेच्या ३३१ वर्षांच्या इतिहासात पदाधिकारी होणाऱ्या त्या पहिल्या महिला.

उंदरांवरील प्रयोग काय होता?

१९५८ मध्ये मॅक्लारेन आणि जॉन बिगर्स यांनी उंदराचे अगदी सुरुवातीचे भ्रूण शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात सुमारे दोन दिवस वाढवले. मग ते दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात सोडले. त्यातून निरोगी पिल्ले जन्मली. भ्रूण काही काळ शरीराबाहेर राहूनही नीट वाढू शकतो, हे सिद्ध झाले. २० वर्षांनी, २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली.

मर्यादा १४ दिवसांचीच का?

लुईसच्या जन्मानंतर भ्रूण संशोधनावरून वाद पेटला. ब्रिटन सरकारने १९८२ मध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मॅक्लारेन तिच्या सदस्य होत्या. साधारण १५व्या दिवशी भ्रूणावर ‘प्रिमिटिव्ह स्ट्रीक’ ही रेषा उमटते आणि शरीराचा आराखडा ठरू लागतो. त्याआधी एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात. मज्जासंस्थेची तर सुरुवातही झालेली नसते. समितीने १९८४ च्या अहवालात हीच सीमा सुचवली.

कायदा कसा झाला?

सहज नाही. १९८५ मध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी असे संशोधन थांबवणारे विधेयक मांडले. त्याला मोठे बहुमत मिळाले, पण वेळेअभावी ते बारगळले. धोका ओळखून शास्त्रज्ञ खासदारांना विषय समजावून सांगू लागले. मॅक्लारेन त्यात आघाडीवर होत्या. अखेर १९९० च्या कायद्याने १४ दिवसांपर्यंतच्या संशोधनाला परवानगी मिळाली. भारतातही २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार १४ दिवस किंवा ती रेषा उमटणे, यांपैकी जे आधी घडेल तिथे थांबावे लागते.

आता वाद कशावरून?

नियम झाला तेव्हा इतके दिवस भ्रूण वाढवणे कुणाला जमतच नव्हते. २०१६ मध्ये शास्त्रज्ञ १३व्या दिवसापर्यंत पोहोचले आणि ही मर्यादा पहिल्यांदाच आड आली. मर्यादेनंतरच्या दिवसांत अवयवांचा पाया घातला जातो. गर्भपात आणि जन्मजात व्यंगांची काही कारणे तिथे सापडू शकतील, असे संशोधक म्हणतात. २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सरसकट मनाई शिथिल केली. मात्र देशांचे कायदे कायम आहेत.

मॅक्लारेन यांचे ७ जुलै २००७ रोजी मोटार अपघातात निधन झाले. रेषा पुढे सरकवायची तर समाजाला विश्वासात घ्यावे लागते, हा त्यांच्या कामाचा धडा आजही लागू पडतो.