पायात फिट, तरच हिट!

दिंडोशीत बर्फ दिसतो तो रसवंतीत. तरी २०२५मध्ये आपल्या मुलींनी आशिया कपमध्ये आइस हॉकीचं ब्रॉन्झ आणलं आणि आमच्या ग्रुपनं ठरवूनच टाकलं, येत्या जानेवारीत लेह! सरावासाठी मी चाकांचे इनलाइन स्केट्स घेतले. आईचा सल्ला, ‘एक नंबर मोठाच घे, जाड मोजे बसतील.’ तिसऱ्याच दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाय आतल्या आत वळला, स्केट मात्र सरळच! तीन आठवडे घोट्याला क्रेप बँडेज.

आता बर्फावरचे स्केट्स घेताना मी शहाणी झालेय. तुम्हीही ऐका. हे बहुधा नेहमीच्या बुटांपेक्षा एक-दीड नंबर लहान लागतात. पातळ मोजे घाला, टाच मागे ठोकून बसवा, मग लेस आवळा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. टाच जराही उचलता कामा नये. पंधरा मिनिटं तसेच घालून बसा. कुठे टोचलं, तर रंग कितीही झकास असो, परत ठेवा. नव्या पात्याला बहुधा धार नसते, ती आधी लावून घ्या.

आई अजून म्हणते, ‘घट्टच वाटतायत गं.’ वाटू देत! स्केट्स वाढत्या अंगाचे घेत नसतात.