संशोधनाचीं उघडीं दारें आणि आमची क्षारपड जमीन

शिरोळ तालुक्यांतील नदीकांठचा मळा ज्यानें भर उन्हाळ्यांत पाहिला असेल, त्यास जमिनीवर फुटलेला पांढरा थर म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. ज्या रानांत एके काळीं ऊंस माणसाला लपवीत असे, तेथें आज लव्हाळा माजला आहे. अशा जमिनीचा धनी पहिला प्रश्न विचारतो तो हाच कीं, आतां यांत काय घालूं? उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. आमच्यापैकींच एकानें कांहीं वर्षांपूर्वीं एका व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून अशा रानांत गाड्या भरभरून जिप्सम ओतलें. पैका गेला, मीठ राहिलें. पुढें माती तपासून घेतली तेव्हां कळलें कीं, जमीन खारवट होती, चोपण नव्हती. आणि जिप्समाचें खरें काम चोपण जमिनींत.

हा भेद कांहीं कालपरवां सांपडलेला नाहीं. अमेरिकेच्या शेतकी खात्यानें सन १९५४ मध्यें क्षारपड जमिनींवर साठाव्या क्रमांकाची जी हस्तपुस्तिका काढली, तींत तो आंकड्यांनिशीं दिला आहे. भिजविलेल्या मातीच्या अर्काची विद्युत्‌वाहकता ४ डेसिसायमनहून अधिक आणि सामू ८.५ च्या आंत असेल, तर जमीन खारवट समजावी. मातीच्या कणांस चिकटलेल्या द्रव्यांत सोडियम शेंकडा १५ हून अधिक आणि सामू ८.५ च्या वर गेला, तर ती चोपण. पहिलींतील मीठ पाण्यांत विरघळतें. तें धुऊन शेताबाहेर काढून लावलें पाहिजे. दुसरींत सोडियम कणांस धरून बसलेला असतो. जिप्समांतील कॅल्शियम त्याची जागा घेतें, तेव्हां तो सुटतो. मात्र सुटलेला सोडियमहि वाहून जावयास वाट हवीच. निचरा नसेल तर दोहोंपैकीं एकहि जमीन सुधारत नाहीं. आमच्याच प्रांतांत हॅरल्ड मान आणि ताम्हणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर सन १९१० मध्यें लिहिलें होतें. तेव्हां ज्ञान होतें. तें आमच्या मळ्यापर्यंत आलें नव्हतें एवढेंच.

तें कां आलें नाहीं, याचें एक कारण असें कीं, शास्त्रीय नियतकालिकांची वर्गणी मोठी. जे संशोधन सरकारी पैशानें, म्हणजे रयतेच्या करांतून होतें, तेंच वाचावयास पुन्हां दाम मोजावा लागे. या रीतीविरुद्ध जगांतील कांहीं विद्वानांनीं फेब्रुवारी २००२ मध्यें हंगेरींतील बुडापेस्ट शहरीं जाहीरनामा काढला. शोधनिबंध सर्वांस विनामूल्य खुले असावेत, ही त्यांची मागणी. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानें सन २००९ च्या नियमांनीं पीएच्. डी. चे प्रबंध संगणकावर ठेवण्याची रीत घातली. ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारांत मिळतात. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें सन २०१३ मध्यें खुल्या प्रवेशाचें धोरण स्वीकारलें. कृषि विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोष’ या तिच्या भांडारांत पाहावे. वर सांगितलेली अमेरिकन हस्तपुस्तिकाहि आज कोणासहि मोबाईलवर फुकट वाचतां येते. आमच्या गृहस्थानें ती आधीं पाहिली असती तर!

उंसावरील लोकरी माव्याचें उदाहरण वाचकांच्या स्मरणांत असेल. सन २००२ च्या जुलैंत तो सांगली जिल्ह्यांत दिसला आणि पाहतां पाहतां पसरला. पानांवर कापूस पिंजून टाकल्यासारखें दिसे, व लोक घाबरून औषधें फवारीत सुटले. सन २००४ मध्यें बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत या किडीचा जीवनक्रम व बंदोबस्त यांवर सविस्तर लेख आला. तें नियतकालिकहि सर्वांस खुलें आहे. डिफा नांवाची अळी व मायक्रोमस हा कीटक हे या माव्याचे नैसर्गिक शत्रू होत. ज्यास हें ठाऊक, तो त्यांनाच मारणारें औषध फवारण्यापूर्वीं दोनदां विचार करील.

केवळ माती आणि किडी यांचेंच संशोधन आमच्या उपयोगाचें, असेंहि कोणीं समजूं नये. याच मानसाहेबांनीं सन १९१७ मध्यें पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत वाटण्यांनीं जमिनीचे तुकडे कसे पडत गेले आणि कर्ज कसें वाढलें हें वाचून, हें आपल्याच भाऊबंदकीचें दप्तर आहे कीं काय, असें वाटतें. आणि आमच्या आयाबायांनीं जात्यावर गायिलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या गी पॉयटविन व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नानें गोळा झाल्या. त्यांपैकीं कित्येक ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहांत आज विनामूल्य ऐकावयास मिळतात. नांगराइतकाच जात्याचाहि इतिहास असतो.

असो. दार उघडलें तरी तें सर्वांसाठीं सारखें उघडलेलें नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली: तीन वर्षांस ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारें १३,००० नियतकालिकें. लाभ मात्र सरकारी विद्यापीठें, महाविद्यालयें व संशोधनसंस्था यांतील विद्यार्थी व अध्यापक यांस. सहकारी सोसायटी त्यांत बसत नाहीं, शेतकरी तर नाहींच. हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. दुसरी अडचण भाषेची. बहुतेक लेखन इंग्रजींत. तिसरी अशी कीं, लेखकाकडून पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकेंहि निघालीं आहेत. म्हणून निबंध हातीं आल्यावर प्रयोग कोणत्या मातींत, किती वर्षें, किती पुनरावृत्ति करून झाला आणि कांहींच न करतां सोडलेला वाफा तुलनेस होता कीं नाहीं, हें आधीं पाहावें. एका हंगामाच्या एका प्रयोगावर आपली सारी जमीन लावूं नये.

शिरोळांत श्री दत्त सहकारी साखर कारखान्यानें जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या घालून निचऱ्याचें काम हातीं घेतलें, तें याच शास्त्राच्या पायावर. नळ्या सामान्यतः एक ते दीड मीटर खोल बसवितात; दोन ओळींतील अंतर मातीच्या पोतावर ठरतें. परंतु एकाच्या शेतांतील पाणी दुसऱ्याच्या बांधावरूनच नाल्यास जावयाचें. तेव्हां शेजारी राजी नसेल तर उत्तमांतला उत्तम प्रबंधहि कपाटांतच राहिलेला बरा.

आमच्या सभासदांनीं गांवच्या शाळेंतील शास्त्राच्या मास्तरांस विनंती करून, महिन्यांतून एके दिवशीं असा एखादा निबंध मराठींत समजून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. पहिल्या बैठकीस क्षारपड जमिनीचाच विषय घ्यावा, आणि येणारांनीं आपापल्या मातीच्या तपासणीचा कागद बरोबर आणावा. ज्यांनीं माती अद्याप तपासलेली नाहीं, त्यांनीं वरच्या थराचा आणि दोन-तीन फूट खालचा असे दोन नमुने वेगळे काढून ठेवावे.